पाहुणा विचारतो, ‘हे असं का?’

पाचोरा स्टेशनवर मुंबईकडून येणारी गाडी थांबली, की डब्याच्या खिडकीत कधी कधी एखादा परदेशी चेहरा दिसतो. हा प्रवासी पाचोऱ्याला उतरत नाही. तो पुढे जळगावला उतरतो, मोटारीने अजिंठ्याला जातो, लेणी पाहतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. पाचोरा त्याच्यासाठी फलाटावरची एक पिवळी पाटी. गाडी सुटली की पाटी मागे, पाचोराही मागे!

त्यात त्याची काही चूक नाही. आपणही सहलीला गेलो की असेच करतो. पण पाहुणे दोन प्रकारचे असतात बरं का! एक, पाहून जाणारे. दुसरे, राहून पाहणारे. आज आपण या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांची ओळख करून घेणार आहोत. हे लोक हजारो मैलांवरून महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, आपल्या जत्रांत आणि वाऱ्यांत पायी फिरले आणि जो भेटेल त्याला विचारत राहिले, “हे असं का?”

पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याच गल्लीत एक फेरी मारू या.

कानबाईच्या रात्री

श्रावण महिना. नागपंचमी झाली आणि पहिला रविवार आला, की खानदेशात कानबाई येते. पाचोऱ्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. सुरतेला, पुण्याला, मुंबईला कामाला गेलेले काका-चुलते बसमधून, रेल्वेतून गावी येतात. घर सारवलं-धुतलं जातं, हल्ली रंगही दिला जातो. चौरंगाला केळीचे खांब बांधतात, नवी पातळं लावतात. मधोमध नारळाची कानबाई. तिला डोळे, नथ, दागिने. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत मिरवणूक आणि नदीवर विसर्जन. पाचोऱ्यात हिवरा नदी आहे. ज्या गावाला जी नदी, तिथे ती कानबाई जाते.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या शेजारी एक परदेशी ताई राहायला आली आहे. मराठी शिकते आहे. थोडं थोडं बोलते, बरंच समजते. कानबाईच्या दिवशी आजीने तिला हाक मारली, “ये माय, बठ.” ताई चपला बाहेर काढून आत आली. भिंतीशी मांडी घालून बसली. बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग हळूच तुम्हाला विचारू लागली.

“देवीची मूर्ती का नाही? नारळ का?”

तुम्ही म्हणालात, “आमच्यात नारळच असतो.”

“तुझी आई गहू मुठीने मोजत होती. वजन का नाही केलं?”

“आमच्यात मुठीनेच मोजतात.”

“आणि मला सगळ्यांनी प्रेमाने बसवलं, पण ती पोळी दिली नाही. असं का?”

आता मात्र तुम्ही गडबडलात! कारण ती नुसती पोळी नव्हती, तो रोट होता. रोट बऱ्याच घरांत फक्त त्या कुळातली माणसंच खातात. घरात जितकी माणसं, तितक्या मुठी गहू घ्यायचे. कुठे माणशी सव्वा मूठ, कुठे दुसरं काही. घरागणिक रीत बदलते. त्या गव्हाच्या पिठाचा जो स्वयंपाक होतो, तो घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही. यात पाहुणीचा अपमान करण्याचा काही हेतू नसतो. तिला वेगळं ताट वाढतातच.

ताईने मान डोलावली. तिला राग आला नाही. पण तिचा चौथा प्रश्न तयार होता. कोपऱ्यात तुमची मोठी बहीण बसली होती. गेल्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सणासाठी माहेरी आली होती. तिच्याही ताटात रोट नव्हता.

“ही तर या घरातली आहे ना? मागच्या वर्षी हिची मूठ मोजली होती. या वर्षी का नाही?”

आता सांगा, या प्रश्नाला “आमच्यात असंच असतं” हे उत्तर चालेल का?

मित्रांनो, “आमच्यात असंच असतं” हे उत्तर म्हणजे दाराला लावलेली कडी आहे. ती लावली की प्रश्नही बाहेर आणि उत्तरही बाहेर. पाहून जाणारा पाहुणा कडी बघून निघून जातो. राहून पाहणारा मात्र दाराशी बसतो. उद्या पुन्हा येतो. दुसऱ्या कुणाला विचारतो. अशाच एका चिवट पाहुण्याची ही खरी गोष्ट.

कायदा शिकला आणि मेंढरांमागे गेला

त्याचं नाव गुंथर सोंथायमर. जन्म १९३४ सालचा, जर्मनीतल्या उल्म गावचा. शिक्षण कायद्याचं. तरुणपणी हा पुण्यात शिकायला आला. त्याचा अभ्यासाचा विषय होता आपलं एकत्र कुटुंब! एका चुलीवर जेवणारं, एका जमिनीवर राबणारं हिंदू कुटुंब कायद्याच्या नजरेतून कसं घडत गेलं, यावर त्याने लंडनमध्ये राहून प्रबंध लिहिला. पुढे १९७७ साली त्याचं पुस्तक निघालं.

कुटुंबात कोण आणि कुटुंबाबाहेर कोण, हे कायदा कागदावर लिहितो. आपल्या आज्या मात्र तेच गव्हाच्या मुठींनी मोजत आल्या आहेत. कायदा शिकलेल्या माणसाला कानबाईचा रोट म्हणजे केवढा मोठा धडा, नाही का?

पण सोंथायमर कायद्याच्या पुस्तकांत रमून बसला नाही. त्याला ओढ लागली ती धनगरांची. धनगर तुम्हाला माहीत आहेत. आपल्या धुळे-साक्री भागातले ठेलारी तुम्ही रस्त्याने जाताना पाहिलेच असतील. पुढे मेंढरं, मागे घोड्यावर लादलेला संसार, त्या संसारावर बसलेली कोंबडी आणि कधी कधी एखादं लहान मूल. शेतकरी त्यांना शेतात मेंढरं बसवायला बोलावतो, कारण लेंड्यांचं खत फुकट आणि उत्तम. चार दिवस मुक्काम, मग पुन्हा चाल. आपण त्यांना रोज पाहतो, पण त्यांच्या देवाचं नाव विचारलं तर किती जणांना सांगता येईल?

सोंथायमरने विचारलं. नुसतं विचारलं नाही, तर त्यासाठी वर्षानुवर्षं जात-येत राहिला. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात तो शिकवायचा आणि पुन्हा पुन्हा महाराष्ट्रात यायचा. धनगरांच्या वाड्यांवर जायचा, जत्रांना जायचा. धनगर रात्री ओव्या म्हणायला बसले, की हाही टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा. ही ओवी म्हणजे जात्यावरची दोन-चार ओळींची ओवी नव्हे. धनगरी ओवी म्हणजे देवाची आख्खी कथा. थोडी गायची, थोडी बोलून सांगायची, पुन्हा गायची. रात्र सरते पण ओवी सरत नाही! आणि हे सगळं गाणाऱ्याच्या डोक्यात. कागदाचा एक चिटोरासुद्धा जवळ नाही.

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरांच्या देवांवर त्याने जर्मन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. साल होतं १९७६. पुढे १९८९ साली तो इंग्रजीत आला.

देवाच्या दोन बायका

सोंथायमरचा फार आवडता देव म्हणजे जेजुरीचा खंडोबा. अमावास्या सोमवारी आली, की ती सोमवती. त्या दिवशी जेजुरीला खंडोबाची पालखी गडावरून खाली उतरते आणि कऱ्हा नदीवर आंघोळीला जाते. भक्त मुठी भरभरून भंडारा म्हणजे हळद उधळतात. पायऱ्या पिवळ्या, दगडी दीपमाळा पिवळ्या, माणसं पिवळी. गर्दीत कोण गावचा आणि कोण परगावचा, कोण काळा आणि कोण गोरा, काही कळत नाही. सगळे एका रंगाचे!

बघणारा म्हणतो, “वा, काय देखावा आहे!” फोटो काढतो आणि जातो. सोंथायमरने मात्र विचारलं, की या देवाला दोन बायका का? आणि त्याही अशा वेगवेगळ्या का?

खंडोबाची पहिली बायको म्हाळसा. ती वाण्याची लेक, नेवाशाची. दुसरी बाणाई. ती धनगराची लेक, चंदनपुरीची. ही चंदनपुरी कुठे आहे, ठाऊक आहे? आपल्या मालेगावाजवळ! त्याच मालेगावाजवळून आपली गिरणा वाहत येते आणि पुढे भडगाव-पाचोरा तालुक्यांत शिरते. चंदनपुरीला पौष पौर्णिमेपासून यात्रा भरते. कथा अशी, की बाणाईसाठी हा देव वेष पालटून तिच्या घरी नोकर म्हणून राहिला आणि मेंढरं राखू लागला. एवढा मोठा देव, पण मेंढरांच्या लेंड्या झाडायला त्याला लाज वाटली नाही. मग बाणाईला घेऊन जेजुरीला आला, तर म्हाळसाबाई संतापल्या. दोघींचं भांडण वाघ्या-मुरळी आजही गाण्यांतून रंगवून सांगतात आणि ऐकणारे पोट धरून हसतात.

ही आपण गंमत म्हणून ऐकतो. सोंथायमरच्या लक्षात आलं, की या गमतीत महाराष्ट्राचा केवढातरी इतिहास लपला आहे. एकीकडे गाव, नांगराची जमीन, बाजारपेठ. दुसरीकडे रान, कुरणं, मेंढरं. गावातली माणसं आणि रानातली माणसं यांचं एकमेकांवाचून चालत नाही, आणि एकमेकांशी पटतही नाही. शेतकऱ्याला खत हवं, धनगराला धान्य हवं. पण मेंढरू पिकात शिरलं की भांडण! देवाच्या घरात म्हाळसा म्हणजे गाव आणि बाणाई म्हणजे रान. देवाने दोघींना घरात घेतलं. म्हणून वाणी त्याला आपला म्हणतो, धनगर आपला म्हणतो, शेतकरी आपला म्हणतो, आणि त्याला मानणाऱ्यांत मुसलमान घरंही आहेत.

बघा, “दोन बायका का?” एवढासा प्रश्न आणि उत्तर केवढं निघालं!

सोंथायमर १९९२ साली वारला. त्याने टेपवर धरून ठेवलेल्या धनगरी ओव्यांचं काम मात्र थांबलं नाही. बिरोबा आणि धुळोबा यांच्या ओव्यांचं इंग्रजी पुस्तक २०१४ साली निघालं. ज्यांनी त्या ओव्या गायिल्या, त्यांच्या तोंडची कथा जगभरच्या वाचकांपर्यंत पोचली. टेप लावून कुणी बसलंच नसतं, तर ती गाणाऱ्यांबरोबरच गेली असती.

दिंडीत चालणारे फादर

दुसरे पाहुणे फ्रान्सचे. फादर गी देल्यूरी. फादर म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. आता गंमत पाहा, धर्मगुरू स्वतः ख्रिस्ती, आणि चालायला निघाले आळंदीहून पंढरपूरला, ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर!

वारी आपल्यालाही परकी नाही. संत मुक्ताबाईंची पालखी आपल्या जळगाव जिल्ह्यातूनच, मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. वारीतली रीत अशी, की कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. पाणी हवं असलं तरी “माऊली”, धक्का लागला तरी “माऊली”. तिथे फादरही माऊलीच!

देल्यूरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होते. चालता चालता त्यांनी काय टिपलं असेल? रथापुढे कोणत्या दिंड्या, रथामागे कोणत्या, त्यांचे क्रम कसे ठरलेले, मुक्काम कुठे, रोजचा कार्यक्रम काय. आपण म्हणतो, “केवढी गर्दी!” त्यांना दिसलं, की ही गर्दी नाहीच. ही तर शिस्तीने चालणारी एक मोठी शाळा आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ती न भांडता सांभाळली जाते. (बरं, थोडंफार भांडून!) विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने छापला. त्याआधी १९५६ साली त्यांनी तुकारामांच्या अभंगांचं फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केलं होतं. देहूचे तुकोबा पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन बसले, ते या पायी चालणाऱ्या पाहुण्यामुळे.

आणि हो, वारीत चालले म्हणून देल्यूरींनी आपला धर्म सोडला नाही. वारकऱ्यांनीही तशी अट घातली नाही. दुसऱ्याच्या घरचा सण मनापासून पाहायला आपलं घर सोडावं लागत नाही. नीट पाहुणा होता आलं, की पुरे.

नदीला साडीचोळी

तिसरी पाहुणी अमेरिकेची. नाव अ‍ॅन फेल्डहाउस. सोंथायमरचं धनगरांच्या देवांवरचं पुस्तक जर्मनमधून इंग्रजीत आणलं ते यांनीच, आणि ओव्यांचं २०१४ सालचं पुस्तक दोन मराठी सहकाऱ्यांसोबत सिद्ध केलं तेही यांनीच. मराठी उत्तम. त्यांना पडलेला प्रश्न आपल्याला कधीच पडला नसता, इतका तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आपण नदीला ‘बाई’ का म्हणतो?

विचार करून बघा. नदीला पूर आला, की बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, कुंकू. कुणी साडी नेसवतात. तापी तर सूर्याची लेक. आषाढातल्या सप्तमीला तिचा वाढदिवससुद्धा साजरा होतो! फेल्डहाउस नद्यांच्या काठाकाठाने फिरल्या, लोकांशी बोलल्या आणि महाराष्ट्रातल्या नद्यांवर १९९५ साली त्यांचं पुस्तक निघालं. नदी ही आई, नदी ही माहेरवाशीण, नदी ही सवाष्ण. पाण्याने शेत पिकतं आणि बाईच्या पोटी घर वाढतं, म्हणून लोकांनी दोघींची एकच ओटी भरली.

पुढे त्या शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेबद्दलही लिहू लागल्या. तिथे लोक नदीचं पाणी कावडीने खांद्यावरून आणतात आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून वर चढवतात. माणसामागे माणूस, हाताला हात. एकट्याने तो चढ कावडीसह चढणं जवळजवळ अशक्य. फेल्डहाउस म्हणतात त्याचा सारांश असा, की अशा यात्रांतून लोकांच्या मनात आपल्या मुलखाचा नकाशा तयार होतो. कोणती नदी कुठून येते, कोणतं गाव कोणत्या देवाला बांधलेलं आहे, हे पाय शिकतात.

आपली कानबाईही सोमवारी सकाळी नदीवरच जाते. ती विहिरीवर का जात नाही, नळावर का जात नाही? आलं का लक्षात? प्रश्न विचारायला सुरुवात केली, की एक प्रश्न दुसऱ्याला हात देतो, मुंगी घाटासारखा!

पाहुण्यांची पाच कलमं

या तिघांच्या रीती वेगवेगळ्या, पण काही गोष्टी अगदी सारख्या होत्या. आपणही दुसऱ्यांच्या सणाला गेलो, मग तो ईद असो, नाताळ असो की शेजारच्या गल्लीतला भंडारा असो, तर या उपयोगी पडतील.

एक. भाषा शिका. निदान चार शब्द तरी. ज्याला “बसू का?” विचारता येतं, त्याला बसायला मिळतं.

दोन. आधी बसा, मग विचारा. पूजा चालू असताना प्रश्न नकोत. डोळे उघडे, तोंड बंद.

तीन. फोटो काढण्याआधी, आवाज टिपण्याआधी परवानगी घ्या. देव सर्वांचा असला, तरी देवघर कुणाचं तरी असतं.

चार. “नाही” ऐकायला शिका. रोट मिळाला नाही म्हणून रुसायचं नाही. काही गोष्टी घरच्यांच्याच असतात आणि त्या तशा का आहेत, हे विचारणं मात्र आपल्या हाती आहे.

पाच. एकालाच विचारून थांबू नका. पुजारी एक सांगतो, आजी दुसरं सांगते, वाजंत्रीवाला तिसरं. तिन्ही लिहून घ्या.

आणि परदेशी पाहुणा आपल्या गावात आला तर? त्याच्याभोवती कोंडाळं करून “हॅलो, हॅलो” ओरडायचं नाही. पाणी विचारायचं. त्याने काही विचारलं, तर ठाऊक असेल ते सांगायचं आणि ठाऊक नसेल तर म्हणायचं, “चला, आजीला विचारू.” हे सर्वांत चांगलं उत्तर!

ताईच्या चौथ्या प्रश्नाचं काय?

तुम्ही म्हणाल, बाकी सगळं सांगितलं, पण त्या लग्न झालेल्या बहिणीचं राहिलंच. खरं आहे. मुद्दामच मागे ठेवलं होतं.

आजीला विचारलंत, तर ती कदाचित म्हणेल, “तिची मूठ आता तिच्या सासरी मोजतात.” म्हणजे तिला काढून टाकलेलं नाही, ती दुसऱ्या घरच्या गव्हात गेली. हे एक उत्तर झालं. पण ताई पुन्हा विचारील, “मग मुलाची मूठ कधीच का हलत नाही?”

हा प्रश्न फक्त परदेशी ताईचा नाही. आपल्या देशाने स्वतःलाच तो विचारला आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत पूर्वी जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना असे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलींनाही तो दिला. मात्र तोवर ज्यांची लग्नं झाली होती, त्या त्यातून सुटल्या. मग २००५ साली देशभरचा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो की नसो, लेकीला मुलाइतकाच हक्क मिळाला. म्हणजे कायद्याने लेकीची मूठ मोजली. रोटात ती मोजायची की नाही, हे कुठलाही कायदा सांगणार नाही, आणि पाहुण्यानेही सांगू नये. ते घरच्यांनी ठरवायचं. पण ठरवायचं तर आधी प्रश्न ऐकू यायला हवा, आणि सवयीच्या कानांना तो ऐकू येत नाही. तो ऐकवतो, म्हणून पाहुणा हवा.

म्हणूनच आई-बाबांनाही एक विनंती. पूजेच्या गडबडीत पोराने “हे का?” विचारलं, की “गप बस” म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी “रात्री सांगते” म्हणा, आणि रात्री खरंच सांगा. तुम्हालाही ठाऊक नसेल, तर दोघं मिळून आजीजवळ जाऊन बसा.

आता तुमची पाळी

सोंथायमर उल्महून आला आणि धनगरांची ओवी टिपून गेला. आपल्या आजीची कानबाईची गाणी कोण टिपणार? ती गाणी अहिराणीत आहेत, एका घराची चाल दुसऱ्या घरात नाही, आणि कितीतरी गाणी कुठल्याच पुस्तकात नाहीत. ती आहेत आजीच्या डोक्यात. आजीचा आवाज आता थोडा कापतो. मधलं एखादं कडवं ती विसरते, मग शेजारची काकू आठवण करून देते. काकूही नसेल तेव्हा?

यंदा एक करा. कानबाईच्या रविवारी एक दिवस आपल्याच घरात परदेशी पाहुणे व्हा. जणू हे सगळं तुम्ही पहिल्यांदाच पाहता आहात. जवळ एक वही ठेवा. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि गाव लिहा. चौरंगावर काय काय मांडलं, ते मोजून लिहा. मुठी किती घेतल्या, कुणाकुणाच्या नावाने, ते लिहा. आजीला विचारून एक गाणं तिच्याच शब्दांत उतरवा. ती ‘जेवाले’ म्हणाली तर ‘जेवायला’ असं सुधारू नका, जसं आहे तसं राहू द्या. आजीने परवानगी दिली तर मोबाइलवर आवाजही टिपा. आणि आजी म्हणाली, “हे सांगायचं नसतं,” तर पेन्सिल खाली ठेवा.

मग शेवटी एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला मिळालं नाही. तो पुढच्या वर्षासाठी. पुढच्या श्रावणात कानबाई येईलच, सुरतेचे काका येतील, बहीण माहेरी येईल. तेव्हा ती वही काढा आणि पुन्हा विचारा.

कधी एखाद्या गाडीतून खरोखरच एखादी परदेशी ताई पाचोऱ्याला उतरली आणि तुमच्या दाराशी येऊन म्हणाली, “हे असं का?”, तर घाबरू नका. सरळ म्हणा, “ये माय, बठ. माझ्याकडे वही आहे.”